घरची पेटी कीबोर्डवर: सॅम्पल सुरात लावण्यापासून पट्ट्यांवर बसवण्यापर्यंत

आमच्या भजनी मंडळाची पेटी साठीला आली आहे. भाता दोनदा बदललाय, काळी तीनचा सूर खरखरतो, आणि तिला रिक्षात घालून शेजारच्या गावी न्यायचं म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. कीबोर्डात कंपनीने दिलेला हार्मोनियमचा टोन आहेच, पण तो पहिल्यांदा ऐकून बुवांनी एवढंच विचारलं, "ही पेटी कुणाची?" म्हणून ठरवलं, आपलीच पेटी रेकॉर्ड करून कीबोर्डात भरायची.

पहिल्या प्रयत्नात मी एकच सूर रेकॉर्ड केला आणि तोच सगळ्या पट्ट्यांवर पसरवला. वरच्या सप्तकात डास, खालच्या सप्तकात म्हैस. मधे जिथे तो बरा वाजत होता तिथेही तबलजीने दुसऱ्याच ओळीला मान वर केली: कीबोर्ड उतरलेला होता. या लेखातली बरीचशी माहिती त्या फजितीतून आली आहे. उदाहरण पेटीचं घेतलंय, कारण ती घराघरांत असते आणि सॅम्पलिंगच्या, म्हणजे सूर रेकॉर्ड करून पट्ट्यांवर वाजवण्याच्या, जवळपास सगळ्या अडचणी ती एकटी दाखवते. शेवटी ढोलकी-टाळांबद्दलही लिहिलंय, कारण तिथले नियम उलटे आहेत.

काय लागेल

कीबोर्डात स्वतःचे आवाज घेण्याची सोय आहे का, ते आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा. "सॅम्पल इम्पोर्ट", "यूजर सॅम्पल" किंवा "मल्टिसॅम्पल" यांपैकी एखादा शब्द सापडला तर काम सोपं. शिकाऊ लोकांच्या स्वस्त कीबोर्डांत ही सोय बहुतेक नसते. नसली तरी हरकत नाही: यूएसबी केबलने कीबोर्ड लॅपटॉपला जोडा आणि आवाज लॅपटॉपमधून काढा. त्यासाठी डीसेंट सॅम्पलर हे फुकट मिळतं. साउंडफाँट (सगळे सॅम्पल आणि त्यांची मांडणी एकत्र ठेवणारी फाइल) बनवायचा असेल तर पॉलिफोन आहे, तेही फुकट. रेकॉर्डिंग कापण्या-तपासण्यासाठी ऑडॅसिटी. माइक असेल तर उत्तम, नसेल तर बरा फोन चालतो. आणि ट्यूनरचं कुठलंही अॅप.

पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणारे तयार टोन तुमच्याकडेही असतील. त्यांतले काही छान आहेत. पण कुणी, कुठल्या पट्टीत, किती घाईत बनवलेत ते कळत नाही, आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करायलाही पुढचं सगळं यावंच लागतं.

तीन शब्द आधी समजून घ्या

पहिला, रूट की. सॅम्पल मुळात ज्या पट्टीचा आहे ती पट्टी. तीच दाबली तर रेकॉर्डिंग जसंच्या तसं वाजतं. एक पट्टी वर दाबली तर मशीन ते साधारण ५.९ टक्के जास्त वेगाने वाजवतं, पूर्ण सप्तक वर गेलात तर दुप्पट वेगाने. म्हणजे सूर चढतो, आणि सहसा लांबीही कमी होते.

दुसरा, रेंज. हे सॅम्पल कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत वाजायचं, त्याची हद्द.

तिसरा, सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. सप्तकात १२००.

पट्ट्यांना मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि लॅपटॉप ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्यात, क्रमांक असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं पुढे. क्रमांकच लक्षात ठेवा, इंग्रजी नाव नको. कारण हीच ६० नंबरची पट्टी रोलँडच्या भाषेत सी-चार असते आणि यामाहाच्या भाषेत सी-तीन. नावावर विसंबून मॅपिंग केलं, म्हणजे सॅम्पल पट्ट्यांवर बसवले, की सगळा टोन एक सप्तक इकडे-तिकडे जातो आणि माणूस तासभर डोकं खाजवतो.

रेकॉर्डिंग: इथे कंजुषी करू नका

पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. खोली घुमत असेल तर पेटीच्या मागे आणि समोर दोन गोधड्या टांगा. हसू नका, पाच हजारांच्या फोमपेक्षा गोधडी वाईट नाही. कबुतरं आणि प्रेशर कुकर टाळायचे तर पहाटे पाचची वेळ चांगली, शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर.

माइक पेटीपासून हातभर लांब, भात्याच्या बाजूला नाही, सुरांच्या (म्हणजे आतल्या पितळी रीडच्या) बाजूला. फार जवळ ठेवलात तर पट्टीची खटखट आणि भात्याचा श्वासच जास्त येतो. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप लहान-मोठा करणारी सोय बंद करता येईल असं अॅप घ्या. ती चालू राहिली तर सुराची सुरुवात दबते आणि शेपटी फुगते. फाइल वेव्ह प्रकारची हवी, एमपी-थ्री नको. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट एवढं पुरतं. मोनोच घ्या: मिनिटाला जेमतेम पाच एमबी लागतात, आणि कीबोर्डाची मेमरी ही लग्नातल्या पंगतीसारखी असते, कधी संपेल सांगता येत नाही.

भाता एकसारखा मारायचा. दाब बदलला की सूर किंचित हलतो आणि नंतर मोजताना ट्यूनरचा काटा नाचतो. शक्य असेल तर एकाने भाता सांभाळावा, दुसऱ्याने पट्टी दाबावी. प्रत्येक सूर सहा ते आठ सेकंद धरा, मग सोडा, आणि शांतता पूर्ण येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. प्रत्येक सूर तीनदा घ्या. दुसरा सहसा सगळ्यात चांगला असतो, का ते मला माहीत नाही.

सगळ्या पट्ट्या घ्यायच्या का? मेमरी असेल आणि दुपार मोकळी असेल तर जरूर घ्या. साठच्या दशकात आलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची टेप होती, सुमारे आठ सेकंदांची. तिथे ताणाताणीचा प्रश्नच नव्हता. पण बहुतेकांना दर तिसरी पट्टी पुरते: पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. सप्तकाला चार, तीन सप्तकांना बारा. का हेच चार, ते पुढे मॅपिंगमध्ये येईल.

कापणं

ऑडॅसिटीत प्रत्येक सूर वेगळा करा. सुरुवातीची शांतता अगदी काठापर्यंत कापा, पण सुराच्या उगमाला हात लावू नका. पाच-दहा मिलिसेकंद जरी आधी राहिले तरी पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आल्यासारखा वाटतो. उलट जास्त कापलंत तर टक् असा आवाज येतो. लाट मधल्या रेषेला छेदते तिथे कापायचं, एवढं पाळलं की टक् येत नाही.

एक मोह टाळा. प्रत्येक फाइल वेगवेगळी नॉर्मलाइझ करून सगळ्यांची उंची सारखी करू नका. खर्जाचे सूर आणि वरचे सूर यांचा जोर मुळातच वेगळा असतो, आकडे सारखे केले की कानाला ते वाकडे लागतात. सगळं एकत्र निवडून एकदाच आवाज वाढवा, उरलेला फरक मॅपिंगनंतर कानाने जुळवा. कुरकुर काढणारं नॉइज रिडक्शनही जपून. जास्त वापरलं की पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी होते.

फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या, कारण बऱ्याच कीबोर्डांना देवनागरी वाचता येत नाही. नावात मिडी क्रमांक घाला, तोही तीन आकडी: ०४८, ०५१, ०५४. याने यादी आपोआप क्रमाने लागते आणि रूट की काय होती हे सहा महिन्यांनीही कळतं.

सुरात लावणं

आता खरं काम. मॅपिंग करण्याआधी प्रत्येक सॅम्पल किती चढं आहे की उतरलेलं, ते मोजायचं. आधी मॅपिंग करून मग सूर लावायला गेलात तर चूक कुठल्या सॅम्पलची आहे तेच सापडत नाही, कारण प्रत्येक सॅम्पल तीन पट्ट्यांवर पसरलेलं असतं.

ट्यूनरमध्ये पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ ठेवलंय ना, ते बघा. मग सुरुवातीचा अर्धा सेकंद सोडून सुराचा स्थिर भाग वाजवून आकडा लिहून घ्या. मधल्या सप्तकात यायला हवेत ते आकडे असे: पांढरी एक २६१.६३, काळी दोन ३११.१३, काळी तीन ३६९.९९, पांढरी सहा ४४०. वरच्या सप्तकात दुप्पट, खालच्यात निम्मे.

आमच्या पेटीची काळी एक मोजली तेव्हा २७४.१ आली. यायला हवी होती २७७.१८. फरकाचे सेंट काढायला लॉगॅरिदम लागतो, पण लहान फरकासाठी साधा हिशेब पुरतो: फरकाला १७३१ ने गुणा आणि मूळ आकड्याने भागा. ३.०८ गुणिले १७३१ भागिले २७७.१८, म्हणजे साधारण १९ सेंट. पेटी एवढी उतरलेली. तबलजीने मान वर केली ती या १९ सेंटांमुळे.

जुन्या पेट्या ४४० ला नसणं नवल नाही. फ्रान्सने १८५९ साली पांढऱ्या सहाचा सूर ४३५ ठरवला होता, आणि ४३५ ते ४४० हे अंतर सुमारे २० सेंटांचंच आहे. आमच्या पेटीचं कारण तेच असेल असं नाही. दमट हवा, धूळ आणि चारदा घासलेले सूर यांनीही एवढं होतं. पण आकडा पाहून पेटीवर चिडू नका. ती एकटी वाजते तेव्हा स्वतःशी सुरातच असते. भांडण होतं ते कीबोर्डातल्या बाकी टोनशी.

म्हणून एक निर्णय आधी घ्या: सगळी पेटी ४४० ला आणायची, की तिच्या मूळ जागी ठेवायची? बाकी वाद्यांबरोबर वाजवायचं असेल तर ४४०. मूळ पेटीच्याच जोडीला वाजवायचं असेल तर सॅम्पल जसेच्या तसे ठेवा, बाकी टोन बंद ठेवा.

दुरुस्ती दोन ठिकाणी करता येते. सॅम्पलरमध्ये प्रत्येक सॅम्पलला "फाइन ट्यून" किंवा "करेक्शन" असा रकाना असेल तर तिथे +१९ लिहा, फाइलला हात लावू नका. मला हाच रस्ता आवडतो: चूक झाली तर आकडा बदलला की झालं. तो रकाना नसेल तर ऑडॅसिटीत फाइलच बदलावी लागते. तिथे "चेंज पिच" वापरू नका. ते लांबी तशीच ठेवून सूर बदलतं आणि त्या खटाटोपात आवाज थोडा चिरडतो. "चेंज स्पीड" वापरा, नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव "चेंज स्पीड अँड पिच" आहे. आमच्या काळ्या एकसाठी वेग १.१२ टक्के वाढवला. लांबी नखभर कमी झाली, कुणाला कळत नाही.

ऑडॅसिटीतल्या "प्लॉट स्पेक्ट्रम" या आलेखानेही सूर मोजता येतो, पण पेटीच्या बाबतीत सावध राहा. तिथे सगळ्यात उंच दिसणारं टोक हा मूळ सूर असेलच असं नाही. पितळी सुराचे वरचे स्वर इतके जोरदार असतात की दुसरं किंवा तिसरं टोकच उंच दिसतं. मग आकडा बघून "ही तर एक सप्तक वरची पट्टी" असं वाटतं. पहिलं, सगळ्यात डावीकडचं ठळक टोक बघा.

अॅपवर विश्वास नसेल तर कान आहेच. कीबोर्डावर बासरीसारखा साधा, न थरथरणारा टोन लावा, तीच पट्टी धरून ठेवा आणि सॅम्पल सोबत वाजवा. दोन्हींत फरक असेल तर आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. काळ्या एकला सेकंदाला एक लाट म्हणजे सुमारे सहा सेंट फरक. फाइन ट्यून हलवत जा, लाटा संथ होत होत थांबल्या की सूर लागला. तानपुरा लावताना हेच करतात.

पण दोन सुरांच्या पेटीत, म्हणजे एका पट्टीला दोन रीड असतात तिथे, लाटा बऱ्याचदा मुळातच असतात. दोन्ही सूर एकाच सप्तकातले असले तर ते एकमेकांपासून किंचित सरकवलेले असतात, आणि त्या फरकातूनच पेटीची ती हलकी लहर येते. ट्यूनरचा काटा डावी-उजवीकडे डोलतो तो त्यामुळे. अशा वेळी मधला आकडा धरा आणि लहर मारायचा प्रयत्न करू नका. आकडा अगदी शून्यावर आणायच्या हट्टापायी मी एका सुरातला अर्धा जीव काढून टाकला होता. तीन सेंटांच्या आत आलं की थांबा.

प्रत्येक सॅम्पल वेगळं मोजा. आमच्याकडे एक १९ ने उतरलेलं होतं, दुसरं २४ ने, आणि वरच्या सप्तकातलं एक फक्त ११ ने. सगळ्यांना सरसकट +१९ दिलं असतं तर जिथे एका सॅम्पलची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे स्वरांचं अंतर बिघडलं असतं. गाणाऱ्याला हे "कुठेतरी खटकतंय" एवढंच कळतं, आणि तो बिचारा स्वतःच्या गळ्याला दोष देतो.

पट्ट्यांवर बसवणं

आता ते चार सूर. पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा यांच्यात दरवेळी तीन पट्ट्यांचं अंतर आहे. म्हणून प्रत्येक सॅम्पलने स्वतःची पट्टी, एक खालची आणि एक वरची सांभाळायची. पांढऱ्या एकचं सॅम्पल ५९ ते ६१, काळ्या दोनचं ६२ ते ६४, काळ्या तीनचं ६५ ते ६७, पांढऱ्या सहाचं ६८ ते ७०. कुठलंही सॅम्पल एका पट्टीपेक्षा जास्त ताणलं जात नाही. रूट की अनुक्रमे ६०, ६३, ६६, ६९. खालच्या-वरच्या सप्तकात बारा वजा-अधिक करत जा. अगदी टोकाला, पेटीच्या बाहेरच्या पट्ट्यांवर, शेवटचं सॅम्पल चार-पाच पट्ट्या ओढलं तरी चालतं. तिथे फारसं कुणी वाजवत नाही.

एकच सॅम्पल लांब ताणलं की पेटी पेटीसारखी का राहत नाही? कारण सुराबरोबर पेटीचं लाकूडही सरकतं. खऱ्या पेटीत सूर बदलला तरी खोकं तेच असतं, त्याचा घुमारा एकाच जागी असतो. सॅम्पल वर खेचलं की तो घुमाराही वर जातो, म्हणजे मशीन तुम्हाला काडेपेटीएवढी हार्मोनियम ऐकवतं. दुसरी गोष्ट ती लहर. मूळ सुरात सेकंदाला दीड लाटा असतील तर सप्तकभर वर गेल्यावर तीन होतात आणि खाली गेल्यावर पाऊण. एकच पेटी एका टोकाला थरथरते आणि दुसऱ्या टोकाला पेंगते.

सगळं भरून झाल्यावर खालून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश वाजवा, पांढरी-काळी न वगळता. हद्दीवर, म्हणजे ६१ वरून ६२ वर जाताना, आवाजाचा रंग एकदम बदलला तर आधी जोर जुळवा. दहापैकी आठ वेळा जोरातला फरकच कानाला रंगातला फरक वाटतो. तरी भागलं नाही तर हद्द एक पट्टी इकडे किंवा तिकडे सरकवा. खरखरणारा सूर वेगळाच काढावा लागतो. आमच्या काळ्या तीनची खरखर मॅपिंगनंतर पांढऱ्या चार आणि पांढऱ्या पाचवरही ऐकू यायला लागली. एका पट्टीचा रोग तीन पट्ट्यांना. त्यासाठी पांढरी चार आणि पाच वेगळ्या रेकॉर्ड केल्या आणि काळी तीन एकटी ठेवली.

लूप

पट्टी दहा सेकंद धरली तर सहा सेकंदांचं सॅम्पल संपणार. म्हणून मधला तुकडा फिरता ठेवायचा. लूपची सुरुवात आणि शेवट लाट मधल्या रेषेला एकाच दिशेने छेदते तिथे ठेवा, नाहीतर दर फेरीला टक् होतं. आणि लहरीचा हिशेब करा. सेकंदाला दीड लाटा असतील तर दोन सेकंदांत बरोबर तीन बसतात. लूप दोन सेकंदांचा ठेवा. दीड सेकंदाचा ठेवलात तर लाट मधेच तुटते आणि उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. "क्रॉसफेड लूप"ची, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीत हळूच मिसळण्याची, सोय असेल तर ती वापरा. लांब लूप लहानापेक्षा जवळजवळ नेहमीच बरा.

हाताची जाणीव

पेटीची पट्टी हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, आवाज तेवढाच येतो. जोर भात्यात असतो. म्हणून या टोनला व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा, परिणाम शून्य करा. नवीन लोक इथेच फसतात: सॅम्पल उत्तम, सूर उत्तम, पण पियानोसारखं कमी-जास्त वाजतं आणि पेटी वाटतच नाही. भात्याचं काम पायाच्या एक्स्प्रेशन पेडलला द्या. सूर सरकवणारं पिच बेंडचं चाकही शून्यावर ठेवा. पेटीवर मींड नसते, आणि चुकून चाकाला हात लागला तर अभंगाच्या मधे सायरन वाजतो.

सुराची सुरुवात पाच-दहा मिलिसेकंदांत, सोडल्यावर शेपटी साधारण १०० मिलिसेकंदांची. पट्टी उचलल्याची बारीक खट मी ठेवली आहे. ती काढली की कीबोर्ड वाटतो.

लॅपटॉपवरून वाजवत असाल तर बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून वाजवतो तो आकडा) २५६ किंवा त्याखाली ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे जवळपास सहा मिलिसेकंद उशीर, ५१२ म्हणजे साडेअकरा. दुसरा आकडा द्रुत लयीत बोटांना जाणवतो.

ढोलकी आणि टाळ: उलटे नियम

तालवाद्यात प्रत्येक बोल ही स्वतंत्र पट्टी. इथे सॅम्पल पसरवायचं नाही आणि "की ट्रॅकिंग" बंद करायचं, म्हणजे पट्टी बदलली तरी सूर बदलत नाही. लूपही नको. उलट व्हेलॉसिटी इथे हवीच: हळू, मध्यम, जोरात अशा तीन थापा घ्या आणि १ ते ५०, ५१ ते १००, १०१ ते १२७ अशा वाटून द्या. एकाच थापेच्या तीन-चार वेगवेगळ्या नोंदी घेऊन आळीपाळीने वाजवता आल्या तर आणखी बरं. नाहीतर द्रुत लयीत तीच ती थाप शिलाई मशीनसारखी वाजते.

उघड्या टाळाचा आवाज लांबतो, दाबलेल्याचा लगेच तुटतो. दोघांना एकाच "म्यूट ग्रुप"मध्ये घाला, म्हणजे दाबलेला टाळ वाजला की उघड्याची शेपटी कापली जाते. बसवताना जनरल मिडीचे, म्हणजे बहुतेक कीबोर्ड पाळतात त्या ठरलेल्या यादीतले, क्रमांक पाळले तर कीबोर्डातले तयार ठेकेही बऱ्यापैकी चालतात. तिथे ३६ वर बास ड्रम असतो, ४२ वर बंद हाय-हॅट, ४६ वर उघडा. ढोलकीची धूम ३६ वर, दाबलेला टाळ ४२ वर, उघडा ४६ वर ठेवा. ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला हेच क्रमांक देता येतात.

ढोलकीची शाईची बाजू सुरात असते, हे मात्र विसरू नका. रेकॉर्ड करताना ती गाणाऱ्याच्या "सा"ला लावलेली असेल आणि पुढच्या कार्यक्रमात गायक काळी एकऐवजी काळी चारमध्ये गाणार असेल, तर पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण ढोलकीला सहसा हलवत नाही. शाईच्या बोलांचा सूर वेगळा बदलावा लागतो. चार-पाच पट्ट्या ओढल्या की ढोलकीची खंजिरी होते, म्हणून काळी एक आणि काळी चार असे दोन वेगळे संच ठेवणं चांगलं.

थोडं स्केल ट्यूनबद्दल

कीबोर्डाचे बारा स्वर सारख्या अंतरावर असतात, गळ्याचे नसतात. शुद्ध गंधार कीबोर्डावर सापासून ४०० सेंटांवर, तानपुऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. पेटीवरचा हाच आक्षेप जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेल्या बंदीमागे तो होताच, आणि ती बंदी १९७१ साली अंशतः उठली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुती-पेटीचा (गळ्याच्या बारीक स्वरांतरांना धरून लावलेल्या पेटीचा) घाट घातला तोही यातूनच.

तुमच्या कीबोर्डात "स्केल ट्यून", म्हणजे प्रत्येक स्वर काही सेंट वर-खाली करण्याची सोय, असेल तर करून बघा: शुद्ध रे +४, शुद्ध ग −१४, शुद्ध म −२, प +२, शुद्ध ध −१६, शुद्ध नी −१२. हे आकडे सापासून मोजायचे. सा काळी एक असेल तर गंधार म्हणजे पांढरी चार, तिथे −१४. संथ आलापीला फरक सुखद आहे. मात्र गायकाने पट्टी बदलली की सगळे आकडे नव्याने मांडावे लागतात, आणि सोबत गिटार असेल तर दोघांचं पटत नाही. भजनात मी हे बंद ठेवतो.

बिघडलं तर

सगळा टोन एक सप्तक वर किंवा खाली: ६० नंबरच्या नावाचा घोळ, रूट की बाराने हलवा.

एकच सॅम्पल भलत्याच पट्टीत: त्याची रूट की ६० वरच राहिली आहे. बऱ्याच प्रणाल्या न विचारता ६० धरतात.

सगळंच सुमारे दीड पट्टी उतरलेलं: तुम्ही ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं आणि मशीन ते ४४.१ समजून वाजवतंय. फरक जवळपास १४७ सेंट येतो, त्यावरून लगेच ओळखता येतं. फाइन ट्यूनने सावरू नका, फायली ऑडॅसिटीतून ४४.१ ला काढून पुन्हा भरा.

दोन-तीन पट्ट्या मुक्या: रेंजमध्ये फट राहिली आहे. दोन आवाज एकदम येत असतील तर रेंज एकमेकांवर चढल्या आहेत.

घरी सुरात, कार्यक्रमात बेसूर: कीबोर्डाचा मास्टर ट्यून (सगळ्या टोनचा एकत्र सूर) बघा. आधीच्या वादकाने तो हलवून ठेवलेला असतो. तो ४४० वर आणा, आणि मगच आपल्या सॅम्पलकडे संशयाने बघा.